३.४ टन माल, कोल्हापूर ते फरीदाबाद: पार्ट लोड की अख्खी गाडी?

शिरगाव_डिस्पॅच

मंडळी, गोकुळ शिरगावहून फरीदाबादला आता महिन्यातून दोनदा माल जाणार आहे. आधी या गिऱ्हाइकाचा माल शे-दोनशे किलो असायचा, पार्सलला टाकला की काम झालं. आता एका खेपेला एवढा माल आहे:

पंप केसिंग, मशीनिंग झालेली: ८ लाकडी पॅलेट. प्रत्येक पॅलेट ४२ × ४२ इंच, उंची पॅलेटसकट ३० इंच, वजन ४०० किलो. फ्लँजची तोंडं वर असल्यामुळे पॅलेटवर पॅलेट चढवता येत नाही.

मोटरवर बसणारी फायबरची कव्हरं: २० खोकी. प्रत्येक खोकं ३ × २ फूट, उंची अडीच फूट, वजन फक्त १२ किलो.

एकूण ३,४४० किलो. बिल ११ लाखांच्या आसपास.

तीन दर हातात आले आहेत. पार्सल कंपनी ११ रुपये किलो म्हणते, वर डॉकेट (बुकिंगची पावती) आणि इंधन अधिभार वेगळा. ब्रोकर पार्ट लोडचे, म्हणजे दुसऱ्याच्या मालाबरोबर एकाच गाडीतून न्यायचे, २८,००० सांगतो, दारातून दारात. पूर्ण १७ फुटी आयशरचे ५७,०००. गिऱ्हाइकाची अट ८ दिवसांची आहे. त्यांच्याकडे डॉक (गाडीच्या उंचीचा फलाट) नाही, फोर्कलिफ्ट आहे, आणि दुपारी ४ नंतर गाडी आत घेत नाहीत.

ब्रोकरचं म्हणणं, "तीन-चार टनाला पार्ट लोडच, डोळे झाकून द्या." खरंच वजनावरून एवढं सरळ ठरतं का? नेमकं काय बघून ठरवायचं?

---

मापपट्टी

वजनावरून ठरत नाही. आधी १७ फुटीचा दर बाजूला ठेवा, कारण तुमचा माल तिच्यात बसतच नाही.

१७ फुटीच्या बॉडीची रुंदी ६ फुटांच्या आसपास असते. तुमचे दोन पॅलेट शेजारी ठेवले तर ८४ इंच, म्हणजे ७ फूट. म्हणजे एकाच रांगेत लावावे लागतील, आणि ८ पॅलेटला २८ फूट लांबी लागेल. वजन ५ टनांच्या आत आहे म्हणून ब्रोकरने १७ फुटी सांगितली, माप कोणी विचारलंच नाही. १९ फुटी साधारण ७ फूट रुंद असते, पण त्यात बोटभरही जागा सुटत नाही. एक पॅलेट अर्धा इंच फुगलेला असला की फोर्कलिफ्टवाला फळीला घासत तो आत दाबतो, आणि कोपऱ्याचं केसिंग मार खातं. म्हणजे आजच्या पॅलेटला खरी गाडी २० किंवा २२ फुटीच. पार्ट लोडची तुलना करायची तर तिच्या भाड्याशी करा. आणि रुंदी फळ्यांच्या आतून मोजून मागा, बरेच जण बाहेरून मोजलेली सांगतात.

आता पार्ट लोडचं गणित. उत्तरेकडे जाणारी बहुतेक पार्ट लोडची गाडी ३२ फुटी बंद कंटेनर असते. सिंगल एक्सल असेल तर साधारण ७ टन धरतात. तिच्यात तुमचे दोन-दोन पॅलेट आरामात बसतात, चार ओळी गुणिले साडेतीन फूट, म्हणजे १४ फूट लांबी. ३२ पैकी १४ म्हणजे ४४ टक्के जागा. वजन ७ पैकी ३.४४ टन, म्हणजे ४९ टक्के. यातला जो आकडा मोठा, तेवढी गाडी तुम्ही वापरता. तुमचा भाव ४९ टक्क्यांच्या आसपास असायला हवा, वर ब्रोकरचं थोडंफार. ३२ फुटीचं पूर्ण भाडं विचारा आणि २८,००० त्याच्या किती टक्के येतात ते बघा. साठ टक्क्यांच्या वर गेले तर जोडीदार, म्हणजे गाडीतला दुसरा माल, मिळो न मिळो, ब्रोकर तुमच्याकडूनच गाडी वसूल करतोय.

हे ४४ टक्के कव्हरं वर चढवली तरच खरे. जमिनीवर ठेवलीत तर आणखी लांबी जाईल. प्रत्येक पॅलेटच्या चारी कोपऱ्यांना फ्लँजपेक्षा इंचभर उंच लाकडी खांब ठोका आणि वर १२ मिमी प्लाय टाका. मग ७ × १४ फुटांचा सपाट माळा तयार होतो. त्यावर रुंदीत तीन आणि लांबीत चार अशी १२ खोकी, उरलेली ८ त्यावर. एकूण उंची साडेसात फुटांच्या थोडी वर जाते. कंटेनरची आतली उंची ८ फूट सांगतात, पण छताच्या पट्ट्या खाली आलेल्या असतात, तेवढी जागा मोजून घ्या. वरचा थर हातानेच लावायचा. १२ किलोच्या खोक्याला दोन माणसं पुरतात.

जमलं तर पॅलेटचंच माप बदला. ४२ × ४२ ऐवजी ३४ × ४८ इंच केला तर क्षेत्रफळ फारसं कमी होत नाही, पण दोन शेजारी ६८ इंचांत बसतात आणि चार ओळींना १६ फूट लागतात. म्हणजे १७ फुटी गाडी खरोखर चालते, अडल्यावेळी हाताशी पर्याय राहतो. कंटेनरमध्ये एका बाजूला ५ पॅलेट आडवे (४८ इंच रुंदीत) आणि दुसऱ्या बाजूला ३ उभे (४८ इंच लांबीत) लावले की रुंदी ८२ इंच आणि लांबी १४ फूट २ इंच, म्हणजे आजच्याइतकीच. फक्त पॅलेट चारी बाजूंनी फोर्क जाणारा हवा. दोन बाजूंचा असेल तर उभे-आडवे लावता येणार नाहीत.

---

डॉकेट_बघा

पार्सलचा ११ रुपये दर बघून ३,४४० × ११ = ३७,८४० असं मनात धरलं असेल, तर बिल आल्यावर दचकाल.

पार्सलवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते लावतात. तुमचं आकारमान: एक पॅलेट ३०.६ घनफूट, आठ पॅलेट २४५ घनफूट. एक खोकं १५ घनफूट, वीस खोकी ३००. एकूण ५४५. घनफुटाला १० किलोचा नियम असेल तर ५,४५० किलो.

आता एक बारीक गोष्ट. घनफूट म्हणजे २८,३१७ घन सेंटिमीटर. बऱ्याच कंपन्यांच्या सूत्रात लांबी × रुंदी × उंची भागिले २७,००० असतं, म्हणजे फूट ३० सेंटिमीटरचा धरलेला. त्यामुळे तुमचे ५४५ घनफूट कागदावर ५७२ होतात. दहाच्या नियमाने ५,७१६ किलो, ११ रुपयांनी जवळजवळ ६३,०००. तुमच्या १७ फुटी गाडीच्या दरापेक्षा जास्त, आणि अधिभार अजून बाकी! तोच नियम घनफुटाला ६ किलो असेल तर ३,४३० किलो येतात, म्हणजे खऱ्या वजनाएवढेच. किलोचा दर विचारायच्या आधी हा आकडा विचारा. तो दरपत्रकात असतो, फोनवर कोणी आपणहून सांगत नाही.

दुसरं, केसिंग आणि कव्हरं वेगवेगळ्या डॉकेटवर लावू नका. वेगळी लावली तर केसिंगला खरं वजन ३,२०० आणि कव्हरांना आकारमानाचे ३,०००, असे ६,२०० किलो होतात. एकाच डॉकेटवर वजनी माल हलक्या मालाची भरपाई करतो आणि ५,४५० वर थांबतं. काही कंपन्या प्रत्येक नग वेगळा मोजतात, त्यांच्याकडे ही सवलत नाही.

पैशांपलीकडचा मुद्दा मालाला लागणाऱ्या हातांचा. पार्सलमध्ये तुमचा पॅलेट कारखान्यात छोट्या गाडीत चढतो, कोल्हापूरच्या शाखेत उतरतो-चढतो, पुण्याच्या हबला उतरतो-चढतो, दिल्लीच्या हबला पुन्हा, फरीदाबादच्या शाखेत पुन्हा, आणि शेवटी गिऱ्हाइकाकडे उतरतो. दहा वेळा उचल. वाटेत हबला माल रचताना "वर काही ठेवू नये" ही चिठ्ठी कोणी वाचत नाही. पार्ट लोडमध्ये गाडी तीच राहिली तर दोनच वेळा: तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे. मशीनिंग झालेल्या मालाला हा फरक भाड्यापेक्षा मोठा आहे.

साधारण हिशेब सांगायचा तर टनाच्या आतला, घट्ट पॅक असलेला, एकमेकांवर चढणारा माल पार्सलला. दीड टनाच्या वर, लांब, बेढब किंवा वर काही न चालणारा माल पार्ट लोडला. मधलं जे उरतं त्याला दोन्ही दर मागवायचे.

---

एनएच४८

वरच्या दोघांनी जागा आणि दर सांगितले. पण पार्ट लोड जमतो की फसतो ते जोडीचा माल कुठला आहे आणि कुठे उतरणार आहे यावर ठरतं. हे ब्रोकरला विचारल्याशिवाय "परवडतं" म्हणू नका.

गाडी कोल्हापुरात आधी भरणार, म्हणजे तुमचा माल केबिनकडच्या बाजूला. मग चाकण किंवा रांजणगावला दुसऱ्याचा माल, तो दाराकडे. आत जे आधी गेलं ते शेवटी निघणार. म्हणून जोडीदाराचा माल फरीदाबादच्या आधी उतरणारा हवा.

तुमच्या दारातला एनएच ४८ पुणे, सुरत, वडोदरा, उदयपूर, जयपूर करत वर जातो. त्या वाटेवर नीमराणा, बावल, धारूहेडा-भिवाडी, मानेसर, गुरुग्राम ही सगळी ठिकाणं फरीदाबादच्या आधी लागतात. यांपैकी कुठलाही जोडीदार चालेल. सोनीपत, लुधियाना, रुद्रपूर असेल तर नाही म्हणा. तिथे दोनच गोष्टी होतात. एक तर गाडी तुम्हाला ओलांडून आधी पुढे जाते आणि परतीत तुमच्याकडे येते, किंवा फरीदाबादच्या गेटवर जोडीदाराचा माल खाली काढून, तुमचा उतरवून, तो परत भरतात. ही हमाली कोणाची यावर दुपारचे ४ वाजतात आणि गेट बंद होतं. गाडीच्या मुक्कामाचा खर्च तुमच्या नावावर.

दिल्लीतला जोडीदार असेल तर जपून. शहरात दिवसा जड गाड्यांना बऱ्याच रस्त्यांवर नो-एंट्री असते, आणि हिवाळ्यात प्रदूषणाचे निर्बंध लागले की जुन्या बीएस (भारत स्टेज, धुराच्या) मानकाच्या गाड्या सीमेवर अडकतात. तुमचा माल फरीदाबादचा असूनही दुसऱ्याच्या दिल्लीसाठी थांबून राहतो. नोव्हेंबर ते जानेवारी बीएस-६ गाडीच मागा.

पॅलेट बांधण्याबद्दल. कोल्हापुरात भरताना सगळे म्हणतात, "मागे दुसरा माल येतोय, तोच टेकू देईल." मानेसरला तो माल उतरला की तुमच्या आठ पॅलेटच्या मागे १८ फूट मोकळी जागा राहते, आणि तिथून फरीदाबादपर्यंत प्रत्येक ब्रेक आणि प्रत्येक चढ तुमचे पॅलेट सरकवतो. म्हणून तुमचा माल स्वतःच्या बळावर उभा राहायला हवा. शेवटच्या ओळीच्या मागे आडवा बार किंवा दोन रॅचेट पट्टे कंटेनरच्या बाजूच्या पट्टीला अडकवून. कंटेनरचा तळ पत्र्याचा असेल तर लाकडी गुटके खिळ्यांनी ठोकता येत नाहीत, लाकडी तळाच्या गाडीतच ते जमतं. पट्टा पॅलेटवरून घ्या, कव्हरांवरून घेऊ नका. घट्ट केलात की खोकी चेपतात. कव्हरांना नुसती जाळी पुरते.

---

शिरगाव_डिस्पॅच

बापरे, १७ फुटीत बसत नाही हे लक्षातच आलं नव्हतं. दोन गोष्टी विचारून घेतल्या. जोडीचा माल चाकणचा आहे, प्लास्टिकचे गाडीचे भाग, अडीच टन. कधी मानेसरचा असतो, कधी रुद्रपूरचा. आणि ब्रोकर म्हणतो माल आजच शिरोलीच्या गोडाऊनला आणून टाका, ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटी पोर्टलवर काढायचा कागद) आजच काढून ठेवा, गाडी एक-दोन दिवसांत लागेल. आज काढलं तर चालेल ना?

---

पार्ट_बी

काढा, पण त्यातला पार्ट बी, म्हणजे गाडीचा तपशील, भरू नका.

ई-वे बिलाची मुदत पार्ट बीमध्ये पहिल्यांदा गाडी नंबर टाकल्यापासून सुरू होते. कारखान्यातून ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनपर्यंत राज्यातल्या राज्यात ५० किलोमीटरपर्यंतच्या वाहतुकीला गाडी नंबर टाकावा लागत नाही. शिरोली त्यात बसते. पार्ट ए (मालाचा तपशील) भरा, त्यात ट्रान्सपोर्टरचा आयडी टाका, पार्ट बी तो खरी गाडी लागल्यावर भरेल. आजच छोट्या टेम्पोचा नंबर टाकलात तर गोडाऊनमध्ये पडलेले दिवसही मोजले जातील.

मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. कोल्हापूर ते फरीदाबाद साधारण १,६५० किलोमीटर, म्हणजे ९ दिवस. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. एवढ्यात पार्ट लोड पोचायला हवा, पण चाकणला दोन दिवस आणि दुसऱ्याच्या गेटवर एक दिवस गेला तर फार ऐसपैसही नाही. वाढवायचं असेल तर संपण्याआधी ८ तास ते संपल्यानंतर ८ तास एवढाच वेळ. ते काम माल ज्याच्या ताब्यात आहे त्या ट्रान्सपोर्टरनं करायचं असतं, म्हणून मुदतीची तारीख ब्रोकरला आणि ड्रायव्हरला दोघांनाही कळवून ठेवा.

पार्ट लोडमधला खरा धोका दुसऱ्याच्या कागदाचा. एकाच गाडीत दोन पार्ट्यांची दोन ई-वे बिलं असतात. तुमचं चोख असलं तरी जोडीदाराचं संपलेलं किंवा चुकलेलं निघालं तर गाडी बाजूला लागते. जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली दंड कराच्या दुप्पट असतो, आणि तो भरेपर्यंत तुमचा मालही तिथेच. म्हणून गाडी चाकणहून निघताना दोन्ही बिलांच्या मुदतीच्या तारखा मागून घ्या. दुसऱ्याची किंमत किंवा नाव नको, फक्त तारीख. ब्रोकर सरळ असेल तर देतो.

वजनाचंही तसंच. जोडीचा माल अडीच टन म्हणून चार टन भरला तर ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. दंड मालकाच्या डोक्यावर, पण वेळ तुमचाही जातो. चाकणनंतरच्या वजनकाट्याची पावती व्हॉट्सॲपवर मागा.

आणखी एक सोय. वाटेत गाडी बदलली तर पार्ट बी नव्या नंबरने भरावंच लागतं, आणि ते तुम्हाला पोर्टलवर दिसतं. ब्रोकर "तीच गाडी आहे साहेब" म्हणत असला तरी तिथे नवा नंबर दिसला की समजायचं माल पलटी झाला आहे, म्हणजे दुसऱ्या गाडीत चढवला आहे.

---

रिस्क_कोणाची

बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालपावतीवर) "मालकाच्या जोखमीवर" छापलेलं असतं, ते वाचून भरपाई शून्य असं समजू नका आणि पूर्ण मिळेल असंही समजू नका. कॅरेज बाय रोड कायदा २००७ आणि त्याचे २०११ चे नियम यांप्रमाणे, तुम्ही जास्त किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर भरलेला नसेल तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. २८,००० चे दहापट २ लाख ८० हजार. तुमचा माल ११ लाखांचा. उरलेले सव्वाआठ लाख स्वतःच्या ट्रान्झिट विम्यातून. आधीची पॉलिसी पार्सलच्या छोट्या रकमेवर असेल तर एका गाडीची मर्यादा वाढवून घ्या, आणि "सर्व जोखीम"चं ए कलम आहे का ते बघा. गंजाला त्यात संरक्षण आहे का हे वेगळं विचारा.

जोडीचा माल कुठला हा प्रश्न इथेही येतो. प्लास्टिक उत्तम. ॲसिडचे ड्रम, मीठ, ओला किंवा वास येणारा माल, खत यांच्याबरोबर मशीनिंगचा माल बंद कंटेनरमध्ये घालू नका. गंजरोधक तेल आणि व्हीसीआय (गंज रोखणारी) पिशवी असली तरी नको.

पोचल्यावर एलआरच्या (म्हणजे बिल्टीच्या) प्रतीवर शेरा लिहूनच सही करायला गिऱ्हाइकाला सांगा: "पॅलेट ३ सरकलेला, दोन खोकी चेपलेली", असं नेमकं. "तपासणीच्या अधीन" एवढंच लिहिलं तर विमेवाला मानत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. ती गेली नाही तर पुढे दावा लावता येत नाही.

---

सरळ_गाडी

एवढ्या अटी पाळायच्या तर पूर्ण गाडीच का नाही? तुमच्याच दरांनी फरक २९,०००, बिलाच्या अडीच-पावणेतीन टक्के. चार-पाच दिवसांत माल दारात, जोडीदार नाही, दुसऱ्याचे कागद नाहीत. ८ दिवसांच्या अटीत पार्ट लोडला दोन दिवस वाट बघण्यात आणि एक दिवस मानेसरला गेला तर हातात काही उरत नाही. गिऱ्हाइकाची लाइन एकदा बंद पडली की वर्षभराची बचत त्यात जाते.

---

मापपट्टी

तारीख पक्की असेल तेव्हा तुमचं बरोबर. पण महिन्यातून दोन खेपा म्हणजे वर्षाला २४, गुणिले २९,०००, जवळपास ७ लाख. आणि तो फरकही पॅलेट बदलले तरच. आजच्या पॅलेटला २२ फुटी धरली तर आणखी वाढतो. एवढ्यासाठी सगळ्या खेपा पूर्ण गाडीने पाठवणं मला पटत नाही.

दोन खेपा एकत्र करून महिन्याला एकच पूर्ण ३२ फुटी, हाही विचार डोक्यात येईल. १६ पॅलेटला २८ फूट, वजन ६,८८० किलो. बसतं, पण ७ टनाला अगदी टेकतं. दोन पार्ट लोडचे ५६,००० होतात. कंटेनरचं भाडं त्याच्या खाली आलं तरच फायदा, आणि गिऱ्हाइकाला महिन्याचा माल एकदम ठेवायला जागा हवी.

त्यापेक्षा माल तयार होण्याची तारीख तीन दिवस अलीकडे आणा. पार्ट लोड त्याला मानवतो ज्याच्याकडे आठवड्याची सवड असते. गाडी लागायची शेवटची तारीख आधीच ठरवा. त्या दिवशी दुपारपर्यंत फरीदाबादच्या अलीकडचा जोडीदार मिळाला नाही तर ब्रोकरने पूर्ण गाडी लावायची, ठरलेल्या भाड्यात. हे भाडं आजच लिहून घ्या, नाहीतर त्या दिवशी तो अडवणूक करतो. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात पार्ट लोडच्या नादी लागूच नका. गाड्यांची ओढाताण असते आणि छोटा माल गोडाऊनला पडून राहतो.

---

शिरगाव_डिस्पॅच

३४ × ४८ चा पॅलेट सुताराला दाखवतो, केसिंगची मांडणी जमेल असं वाटतंय. ब्रोकरला नेमकं काय लिहून द्यायचं?

---

एनएच४८

फोनवर बोलू नका, मेसेज टाका आणि "ओके" येईपर्यंत माल गोडाऊनला नेऊ नका. साधारण असा:

"गोकुळ शिरगाव ते फरीदाबाद, ८ पॅलेट ३४ × ४८ × ३० इंच, वजन ३,२०० किलो. २० खोकी, २४० किलो, पॅलेटच्या वर. पॅलेटवर दुसरा कुठलाही माल चढणार नाही. बंद कंटेनर, आतली रुंदी किमान ८८ इंच, बीएस-६. लांबी १४.५ फूट आमची, भाडं २८,००० ठोक, दोन्हीकडची हमाली आमची, बाकी काही वाढणार नाही. जोडीदार एकच, माल फरीदाबादच्या आधी उतरणारा, केमिकल नाही. माल पलटी नाही, गाडी बदलायची झाल्यास आधी लेखी परवानगी. चाकणहून निघताना दाराच्या बाजूने फोटो, काट्याची पावती आणि दोन्ही ई-वे बिलांच्या मुदतीच्या तारखा. शुक्रवारी दुपारी २ पर्यंत गाडी लागली नाही तर १७ फुटी पूर्ण गाडी ५७,००० मध्ये. ८० टक्के भाडं गाडी भरल्यावर, उरलेलं शेरा नसलेली एलआर मिळाल्यावर ७ दिवसांत. गिऱ्हाइकाकडून ड्रायव्हरने काहीही मागायचं नाही."

यातलं १७ फुटीचं वाक्य नवे पॅलेट तयार झाल्यावरच घाला. तोपर्यंत तिथे २२ फुटी आणि तिचं भाडं. आतली रुंदी ८८ का, तर ८२ इंच माल आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच, फोर्कलिफ्टवाल्याचा हात हलायला. फरीदाबादला डॉक नाही म्हणता, मग आतले पॅलेट दारापर्यंत ओढायला हँड पॅलेट ट्रक लागेल. तो त्यांच्याकडे आहे का हे आजच विचारा. फोर्कलिफ्ट कंटेनरच्या दारापर्यंतच पोचते, आणि तुमचा पहिला पॅलेट १८ फूट आत असणार आहे.